मोजणी थांबवू नका : परराष्ट्र मंत्रालयाला खुलं पत्र

मा. परराष्ट्रमंत्री महोदय,
आणि परदेशांशी होणाऱ्या वैज्ञानिक सहकार्याच्या फायली ज्यांच्या टेबलावरून पुढे जातात ते मंत्रालयातले सर्व अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

मी जुन्नर तालुक्यातला निवृत्त शिक्षक आहे. नोकरीची सगळी वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं. परराष्ट्र धोरणाचा माझा अभ्यास नाही. तरी हे पत्र आपल्यालाच लिहितो आहे, कारण आपल्या कामाचा एक भाग मला आमच्या शिवारातून आयुष्यभर दिसत आला आहे. देशादेशांतले संबंध बिघडले तरी पुराचे, वादळाचे आकडे आणि शास्त्रज्ञांचं येणंजाणं थांबू नये, एवढंच मला मागायचं आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, म्हणजे आभाळातून येणाऱ्या रेडिओ लाटा टिपणारी दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मध्यभागी एकमेकींच्या जवळ, उरलेल्या १६ तीन दिशांना रांगेनं, द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या वावरांमधून दूरवर गेलेल्या. दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, तिथलं फाटक सगळ्यांसाठी उघडतं आणि हजारो मुलं येतात. मी माझ्या शाळेची मुलं एसटीनं घेऊन जायचो.

अँटेनाच्या खाली उभं राहून वर पाहिलं की त्या डिशमधून आरपार आभाळ दिसतं. ती पत्र्याची नाही, पोलादाच्या बारीक तारेची जाळी आहे, दोरखंडांवर ताणून बसवलेली. दर वर्षी कोणीतरी विचारायचंच, “सर, ही तर भोकाभोकांची आहे, मग लाटा खाली पडत नाहीत का?” मग मी सांगायचो की लाट हातभर लांबीची असेल तर तिला बोटाएवढं भोक दिसतच नाही, वारा मात्र त्यातून निघून जातो. म्हणून ही डिश हलकी झाली, स्वस्त झाली आणि आपल्या देशाला परवडली. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही युक्ती. पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. “सर, ही दुर्बीण कोणाची?”

त्याचं उत्तर देताना मला थोडं थांबावं लागायचं. दुर्बीण भारताची, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रानं बांधलेली. पण तिच्यावर वेळ हवा असेल तर जगातल्या कुठल्याही देशातला शास्त्रज्ञ अर्ज करू शकतो. अर्जातलं विज्ञान किती कसदार आहे ते पाहून वेळ ठरते, पासपोर्ट पाहून नाही. आपल्या माणसाचा अर्ज मागे राहून परदेशातल्या एखाद्या विद्यार्थ्याला रात्र मिळते, असंही होतं. मुलांना आधी हे पटायचं नाही. “आपल्या पैशानं बांधली ना?” म्हणायची. मी म्हणायचो, गावच्या तालमीत बाहेरगावचा पैलवान येऊन मेहनत करून जातो, तेव्हा तालमीचं काय कमी होतं? उलट तिचं नाव होतं, आणि आपल्या पोरांना त्याच्याशी खडाखडी करायला मिळते.

महोदय, १९ ऑक्टोबर २०१६ ची संध्याकाळ आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात असेल माहीत नाही. त्या संध्याकाळी युरोप आणि रशिया यांच्या संयुक्त मोहिमेतलं शियापरेली नावाचं छोटं यान मंगळावर उतरत होतं. उतरताना ते एक क्षीण संकेत सोडत होतं. तो मंगळापासून पृथ्वीपर्यंत थेट ऐकायला मोठा कान हवा होता, आणि तो कान खोडदला होता. आमच्याकडे रात्रीचे सव्वाआठ होत आले होते. संकेत पोचायला जवळपास दहा मिनिटं लागत होती. नासाच्या लोकांच्या मदतीनं बसवलेल्या यंत्रणेवर तो दिसत राहिला, यान मंगळाच्या हवेत शिरलं, पॅराशूट उघडलं, आणि जमीन गाठण्याच्या थोडं आधी संकेत बंद पडला. यान आदळून फुटलं. काहीतरी बिघडलं याची पहिली चाहूल युरोपला लागली ती आमच्या शिवारातून. क्रिमियावरून युरोप आणि अमेरिकेनं रशियावर निर्बंध लादलेले होते तेव्हाची ही गोष्ट. रशियाचं रॉकेट, युरोपचं यान, अमेरिकेची मदत आणि खोडदच्या अँटेना, हे सगळं एका संध्याकाळपुरतं एका सूत्रात होतं.

देशादेशांतली ही ऊब एका रात्रीत तयार होत नाही, हे मला आपल्याला सांगायचं आहे. १९५० नंतरच्या दशकात गोविंद स्वरूप कोलंबो योजनेतून ऑस्ट्रेलियात शिकायला गेले होते. सिडनीजवळ पॉट्स हिल इथं सहा फूट व्यासाच्या ३२ डिश वापरातून जाणार होत्या. त्या ऑस्ट्रेलियानं आपल्याला देऊन टाकल्या. बऱ्याच खटपटीनंतर १९६५ मध्ये त्या आपल्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या आणि त्यांच्यावर सूर्याचा अभ्यास सुरू झाला. तिथं हात बसलेल्या मंडळींनी पुढे उटीची रेडिओ दुर्बीण उभारली, मग खोडदची. आणि आज ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या वाळवंटी भागांत स्क्वेअर किलोमीटर ॲरे ही जगातली सर्वांत मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहते आहे, तिच्यात भारत १२५० कोटी रुपयांचा भागीदार आहे आणि तिच्या नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरचं मोठं काम पुण्यातून होतं. ऑस्ट्रेलियानं जुन्या डिश दिल्या, साठ वर्षांनी आपण तिथल्या नव्या दुर्बिणीचा मेंदू घडवतो आहोत. मधल्या साठ वर्षांत दोन्हीकडे किती सरकारं आली आणि गेली, किती कुरबुरी झाल्या. अणुचाचण्यांनंतर १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियानं आपल्याशी लष्करी संबंध तोडले होते. हा धागा तरी तुटला नाही.

थुंब्याचंही तसंच. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळच्या त्या मच्छीमारांच्या गावातून पहिलं रॉकेट उडालं. चीनच्या युद्धात शस्त्रसंधी होऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं आणि क्युबाच्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका-रशिया युद्धाच्या काठावर जाऊन आले होते त्यालाही वर्षच उलटलं होतं. रॉकेट अमेरिकेचं होतं, त्यातलं सोडियमच्या वाफेचं उपकरण फ्रान्सचं, आणि तळासाठी संगणक आणि हेलिकॉप्टर रशियानं दिलं. चर्चच्या इमारतीत कचेरी. हे तिघं विक्रम साराभाईंच्या दारात आले ते आपल्यावरच्या प्रेमापोटी आले नाहीत. थुंबा पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे, आणि तिथल्या वरच्या हवेचा अभ्यास करायचा तर तिथं यावंच लागणार होतं. आपल्याकडे दुसऱ्याला हवं असलेलं काहीतरी होतं, आणि आपण ते कुणा एकाला न देता सगळ्यांना खुलं केलं. पुढे १९६८ मध्ये तो तळ संयुक्त राष्ट्रांना अर्पणही केला. गरीब देशाची ही केवढी मोठी चाल होती! तिच्यात कोणाची खुशामत नव्हती.

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

येडगाव धरणातून कुकडीचा डावा कालवा निघतो आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत पार करमाळ्यापर्यंत जातो. आम्ही हेडचे, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीचे, करमाळेकर टेलचे, म्हणजे शेवटचे. दर उन्हाळ्यात आवर्तनावरून भांडण होतं. रस्ते अडवले जातात, कालव्याच्या गेटवर पोलीस बसतात, एकमेकांच्या पुढाऱ्यांचे पुतळे जळतात. मी हे लहानपणापासून पाहतो आहे आणि त्यात माझ्या भावकीतलीही माणसं असतात. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट कोणी केली नाही. धरणात किती पाणी आहे हा आकडा कोणी लपवला नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे, पाचही धरणांचा साठा पेपरात छापून येतो. टेलचा शेतकरी त्या आकड्यावर बोट ठेवून भांडतो. पाणी वाटण्यावरून वाद घाला, पण पाणी मोजण्यावरून घालू नका, एवढं शहाणपण आमच्या तालुक्यालाही आहे. मोजणी गेली की भांडायलाही काही उरत नाही, फक्त संशय उरतो.

देशादेशांत नेमकी उलटी रीत पडू लागली आहे. संबंध बिघडले की सगळ्यात आधी मोजणी थांबते.

ब्रह्मपुत्रेचं पाहा. २००० साली तिबेटात यिगाँगला दरड कोसळून नदी अडली होती. जूनमध्ये तो बांध फुटला आणि काही कळायच्या आत अरुणाचलात सियांगला महापूर आला, पूल गेले, माणसं गेली. वरच्या अंगाला पाणी तुंबतं आहे हे खाली कळलं असतं तर? त्यानंतर २००२ मध्ये चीनशी करार झाला, पावसाळ्यात तिथल्या तीन केंद्रांवरची पाण्याची पातळी आपल्याला कळू लागली. २०१७ मध्ये डोकलाममध्ये सैन्यं समोरासमोर उभी राहिली आणि त्याच पावसाळ्यात ते आकडे आले नाहीत. आसामात त्या वर्षी मोठे पूर आले. पुढच्या वर्षी आकडे पुन्हा सुरू झाले. कराराची मुदत २०२३ मध्ये संपली.

आपण याला अन्याय म्हणालो आणि तो अन्यायच होता. पण महोदय, सिंधूच्या खोऱ्यात हेडचे आपण आहोत.

पहलगामला मारल्या गेलेल्या २६ जणांत आपल्या महाराष्ट्राची ६ माणसं होती. पुण्यातल्या अंत्ययात्रा आम्ही टीव्हीवर पाहिल्या, त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही. त्यानंतर सरकारनं सिंधू जलकरार स्थगित ठेवला. त्या निर्णयावर मला इथं काही म्हणायचं नाही, ते सरकारचं काम आहे आणि तो राग माझाही आहे. माझं म्हणणं फक्त आकड्यांपुरतं आहे. करारासोबत पुराच्या आकड्यांची रोजची देवघेवही थांबली. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये जम्मूतल्या तवी नदीला पूर येऊ लागला तेव्हा भारतानं उच्चायुक्तालयामार्फत पाकिस्तानला इशारा दिला, मानवतेच्या भूमिकेतून. त्याच महिन्यात, काही दिवसच आधी, दिल्लीतल्या बोलण्यांमध्ये चीननं आपल्याला आणीबाणीच्या वेळी नद्यांचे आकडे द्यायचं कबूल केलं होतं, तेही मानवतेच्या भूमिकेतून. दोन्हीकडे शब्द तोच. वरचा देश खालच्यावर उपकार करतो आहे असा त्या शब्दाचा अर्थ निघतो.

पुराचा इशारा दिला याचा मला अभिमान आहे. पण पुराचा आकडा मनाच्या मोठेपणावर राहू नये. मोठेपणा एखाद्या वर्षी असतो, एखाद्या वर्षी नसतो. पाणी कोणाला किती सोडायचं हा प्रश्न वेगळा ठेवा, आणि पाणी किती आहे, किती वेगानं येतं आहे, हा आकडा सगळ्या भांडणांच्या बाहेर काढून ठेवा. सिंधूवर तो आपण आपणहून, रोज, न मागता जाहीर करत राहिलो, तर ब्रह्मपुत्रेवर चीनकडे तोच मागताना आपली मान ताठ राहील. आसामातल्या माणसाचं भलं त्यातच आहे.

हे अशक्य आहे असं कोणी म्हणू नये, कारण वादळांच्या बाबतीत आपण हे वर्षानुवर्षं करतो आहोत. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग वादळ धडकलं. श्रीवर्धन, मुरुडच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. ‘निसर्ग’ हे आपल्याला घरचं वाटणारं नाव बांगलादेशानं दिलेलं होतं. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीला गुलाब वादळाच्या उरलेल्या ढगांनी मराठवाड्यात सोयाबीन पाण्यात बुडवलं, ते ‘गुलाब’ नाव पाकिस्तानचं. उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांसाठी १३ देश मिळून नावांची यादी करतात आणि दिल्लीतलं हवामान खात्याचं केंद्र त्या सगळ्यांना सूचना पाठवतं, इराणला, ओमानला, म्यानमारला आणि पाकिस्तानलाही. दोन्ही देशांचे उच्चायुक्त माघारी बोलावलेले असले तरी वादळाची सूचना जाते. तिची कोणी बातमी करत नाही, कोणी श्रेय घेत नाही. आपल्या देशाच्या परराष्ट्र कामातलं हे मला सर्वांत मोठं काम वाटतं.

त्सुनामीचंही तसंच आहे. २६ डिसेंबर २००४ ला हिंदी महासागराला इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. सुमात्राजवळ भूकंप झाल्यावर लाट तमिळनाडूला पोचायला दोन तासांहून जास्त वेळ लागला, आणि त्या दोन तासांत किनाऱ्यावर कोणाला काही कळलं नाही. दोन लाखांच्या वर माणसं गेली. तीन वर्षांत हैदराबादला आपलं केंद्र उभं राहिलं. आज भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया हे तिघे मिळून सगळ्या हिंदी महासागराला इशारे देतात. श्रीलंकेतलं सरकार आपल्याशी गोड बोलतं की नाही, हे त्या केंद्रातला माणूस पाहत नाही. भूकंपाची नोंद आली की तो संदेश सोडतो.

याच्या शेजारी लशींची गोष्ट ठेवून पाहतो, कारण तीही पुण्याची आहे आणि मला ती बोचते. २०२१ च्या जानेवारीत सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या लशी भूतान आणि मालदीवला गेल्या. विमानतळावर त्यांचं स्वागत झालेलं पाहून ऊर भरून आला होता. मग आपल्याकडे दुसरी लाट आली. ऑक्सिजनसाठी माणसं तडफडत होती, निर्यात थांबवावी लागली. आपल्या माणसांना आधी, हे बरोबरच. पण नेपाळ आणि बांगलादेशात पहिला डोस घेतलेली म्हातारी माणसं दुसऱ्या डोसाची वाट पाहत राहिली, आणि शेजाऱ्याच्या मनात दान मिळाल्याच्या आनंदापेक्षा ते थांबल्याचं दुःख जास्त राहिलं. जे अडचणीच्या वर्षीही चालू ठेवता येईल तेच शेजाऱ्याला कबूल करावं. वादळाची सूचना आपल्याच घरात वादळ शिरलं असताना थांबवावी लागत नाही. आकडे वाटून संपत नाहीत.

आता आपल्या मंत्रालयाच्या दाराशी येतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी नद्यांच्या गाळावर काम करते. दहावीला माझ्याच वर्गात होती, आज एका संस्थेत शास्त्रज्ञ आहे. तिनं एक छोटी कार्यशाळा भरवली होती, ब्रह्मपुत्रेच्या पुराचा अंदाज हा विषय. ढाक्याच्या दोन संशोधक येणार होत्या. परवानग्यांची फाईल कित्येक महिने या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिली आणि कार्यशाळेचा दिवस उजाडला तरी त्यांच्या हाती व्हिसा आला नव्हता. नकार आला असता तरी दुसरी सोय करता आली असती. काहीच आलं नाही. मी त्या दिवशी तिच्या आग्रहानं मागच्या रांगेत बसलो होतो. टेबलावर दोन रिकाम्या खुर्च्यांसमोर दोघींच्या नावाच्या पाट्या मांडलेल्या होत्या. दुपारी त्या पडद्यावर आल्या, आवाज तुटत होता.

यात हरवलं काय, ते तिनं मला चहाच्या वेळी समजावून सांगितलं. ब्रह्मपुत्रा बांगलादेशात शिरली की नदीची उंची मोजायचा शून्यच बदलतो. आपण समुद्रसपाटीपासून मोजतो. तिकडे ब्रिटिश काळातल्या बांधकाम खात्यानं ठरवलेली शून्य पातळी अजून वापरात आहे, आणि ती आपल्यापेक्षा सुमारे दीड फूट खाली आहे. म्हणजे तेच पाणी सरहद्दीच्या अलीकडे एक आकडा दाखवतं आणि पलीकडे दुसरा. सपाट प्रदेशात दीड फूट म्हणजे गाव बुडणं आणि न बुडणं. हा फरक कागदावर सगळ्यांना ठाऊक आहे. पण कोणत्या घाटावरची पाणी मोजायची कोणती पट्टी कधी बदलली, कोणती पुरात वाकली, वाकलेल्या पट्टीचे आकडे कोणत्या वर्षापर्यंत वहीत चढले, हे नदीकाठी एकत्र उभं राहून, दोघांच्या वह्या शेजारी ठेवूनच कळतं. त्यासाठी त्या दोघी येणार होत्या. परराष्ट्र धोरण म्हणतात ते मला त्या दोन खुर्च्यांमध्ये दिसलं.

२०२१ च्या जानेवारीत निघालेला आदेश आपल्याला आठवत असेल. ऑनलाईन आंतरराष्ट्रीय चर्चासत्र घ्यायचं तरी सरकारी संस्थांना आधी परवानगी काढावी लागेल आणि सीमा, ईशान्येकडची राज्यं असे विषय असतील तर आणखी जपून, असं त्यात होतं. विज्ञान अकादमींनी हरकत घेतली आणि महिना-दीड महिन्यात तो आदेश मागे घेतला गेला. मागे घेतलात हे बरं केलंत. पण त्या आदेशामागची नजर गेलेली नाही असं मला फायलींच्या चालीवरून वाटतं. शेजारच्या देशातला शास्त्रज्ञ आला की आधी संशयित आणि मग पाहुणा, ही ती नजर.

सावध राहू नका असं मी म्हणणार नाही. आमच्या राज्यात तारापूर आहे. अमेरिकेनं बांधून दिलेली अणुभट्टी १९६९ ला सुरू झाली, मैत्रीचं प्रतीक म्हणून तिचं कौतुक झालं, आणि १९७४ च्या पोखरणनंतर त्याच अमेरिकेनं तिचं इंधन अडवलं. शेवटी ते फ्रान्सकडून आणावं लागलं. १९९० नंतर क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्र रशिया देणार होता, अमेरिकेच्या दबावाखाली त्यानं हात आखडता घेतला. कॅनडाचा अनुभव उलट बाजूनं तसाच, त्यांनी शांततेसाठी दिलेल्या अणुभट्टीतलं प्लुटोनियम आपण पोखरणला वापरलं आणि त्यांचा विश्वास गेला. विज्ञानाची देवघेव म्हणजे नुसता गोडवा नाही, हे मलाही दिसतं. युक्रेनच्या युद्धानंतर युरोपनं रशियाबरोबरची पुढची मंगळ मोहीम थांबवली आणि तयार झालेला रोव्हर जमिनीवरच राहिला. पण या सगळ्या ठिकाणी अडवता आलं ते यंत्र आणि इंधन, म्हणजे एकाच्या हातातली वस्तू. दोघांनी मिळून केलेली मोजणी अशी अडवता येत नाही, ती दोघांच्याही वहीत असते. म्हणून जिथं निवड करता येईल तिथं वस्तू मागण्यापेक्षा बरोबर मोजण्यावर भर द्या, ही माझी विनंती आहे.

३० जुलै २०२५ ला आपण हेच केलंत. त्या संध्याकाळी श्रीहरिकोट्याहून निसार उपग्रह गेला. एक रडार नासाचं, एक इस्रोचं, आणि दर १२ दिवसांत सगळ्या जमिनीची आणि बर्फाची दोनदा पाहणी. डोंगर किती सरकला, हिमनदी किती वितळली, धरणाचा बांध किती खचला, हे तो सेंटीमीटरमध्ये सांगू शकतो. आणि हे आकडे सगळ्या जगाला खुले राहणार आहेत, काठमांडूला आणि ढाक्यालाही. त्याच दिवशी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी भारतीय मालावर २५ टक्के कर जाहीर केला. टीव्हीवर खालच्या पट्टीत कराची बातमी धावत होती आणि वर रॉकेट चढत होतं. आमच्याकडची द्राक्षं परदेशी जातात, त्यामुळे माझे शेजारी खालची पट्टी वाचत होते. मी वर पाहत होतो. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या, आणि एकीनं दुसरीला अडवलं नाही याचं मला केवढं समाधान वाटलं, ते पत्रात लिहिता येणार नाही.

हिंगोलीतल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, प्रत्येकी चार किलोमीटरच्या दोन हातांची. तिची जागाच तिची ताकद आहे. अमेरिका, इटली आणि जपानच्या यंत्रांपासून दूर, हिंगोलीत एक यंत्र असलं की लहर आभाळाच्या कोणत्या कोपऱ्यातून आली ते नेमकं सांगता येतं. थुंब्यासारखंच, त्यांना आपली गरज आहे. २०१६ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनला करार झाला आणि २६०० कोटींना मंत्रिमंडळाची अंतिम मंजुरी मिळाली २०२३ च्या एप्रिलमध्ये. सात वर्षं. अमेरिकेनं यंत्राचे भाग बाजूला काढून ठेवले होते. परराष्ट्र मंत्रालयानं अशा मंजुऱ्यांचा पाठपुरावा स्वतःचं काम समजून करावा, कारण दिलेला शब्द किती दिवसांत पाळला जातो त्यावरच पुढचा देश आपल्याशी करार करताना हिशेब मांडतो. आणि ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या त्या गावांना खोडदसारखं एक उघडं फाटक पहिल्या दिवसापासून मिळालं पाहिजे. आमच्या मुलांना ते मिळालं. त्या मुलांपैकी एक आज ब्रह्मपुत्रेवर काम करते.

मागणं मोठं नाही. पुराचे, वादळाचे, भूकंपाचे आकडे कोणत्याही तणावात थांबणार नाहीत, असं आपण आपल्या बाजूनं एकदा लिहून जाहीर करा, समोरचा देश काय करतो याची वाट न पाहता. आणि शेजारच्या देशांतल्या शास्त्रज्ञांच्या व्हिसाच्या अर्जावर हो किंवा नाही, जे काय असेल ते, ठरलेल्या मुदतीत येऊ द्या.

माझ्या विद्यार्थिनीनं त्या दोन पाट्या टाकून दिल्या नाहीत. तिच्या टेबलाच्या खालच्या खणात, गाळाच्या नमुन्यांच्या डब्यांशेजारी त्या ठेवलेल्या आहेत. पुढची कार्यशाळा पावसाळ्याच्या आधी घ्यायची आहे, म्हणजे पट्ट्या पाण्याबाहेर असताना नदीकाठी जाता येईल. ढाक्याहून अर्ज पुन्हा गेले आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. जुन्नर, जि. पुणे